मंगलचे जादा रकाने

मंगल,

आधी माफी मागते. माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी कळलंच नाही. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. तू असतीस तर लाल पेन घेऊन बसली असतीस आणि म्हणाली असतीस, “वैनी, पाण्याला कुणी ऱ्हस्व लिवतं व्हय? आटून जाईल की!” बाद झालेल्या फॉर्मच्या पाठीवर हे लिहितेय. कुणाला दाखवायचं नाही. तुझ्या दादालाही नाही.

दोन महिने होऊन वर आठ दिवस झाले. तीन दिवसांच्या तापाचं मी काही लिहिणार नाही. ते तुला माहीत आहे आणि मला लिहवत नाही. मला लिहायचं आहे ते दुसरंच. तू मला एकदा एक गोष्ट विचारली होतीस आणि मी उत्तर दिलं नव्हतं. ते उत्तर माझ्याकडं पडून आहे.

तेराव्यानंतर पाचव्या दिवशी मी दुकान उघडलं. शटर मला एकटीला वर जाईना, तेव्हा समोरच्या सायकलवाल्यानं हात लावला. आत सगळं तू ठेवलं होतंस तसंच होतं. खुर्चीवरची उशी तुझ्या बाजूला दबलेली. मी तिच्यावर बसले नाही, स्टूल ओढून घेतलं. लॅपटॉप उघडला तर वर इंग्रजीत तुझं नाव आलं. इंग्रजी मला फार वाचता येत नाही, पण ती सहा अक्षरं मी ओळखते. तू गेलीस हे सगळ्या आष्ट्याला कळलं होतं, त्या मशिनीला कुणी सांगितलं नव्हतं. ती तुझीच वाट बघत बसली होती.

मग ते मोठं वाक्य टाकलं, पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळ्यांची माहिती कुलपात ठेवणारी तुझी ती तिजोरी, उघडायचं. तू ते मला औंधला यमाईच्या पायऱ्या चढताना पाठ करून घेतलं होतंस, आठवतं? मी माहेरी चालले होते म्हणून तू सोबत आलीस. दर दहा पायऱ्यांना थांबवून म्हणवून घेत होतीस. “लिवायचं न्हाई कुठं. तुझ्या डोक्यात आन् माझ्या डोक्यात, बास.” आता तुझ्या डोक्यातलं तुझ्याबरोबर गेलं. ते वाक्य या जगात मला एकटीला येतं. टाइप करताना मी ओठ घट्ट मिटून घेते, तरी प्रत्येक वेळी मागं कुणीतरी उभं राहून बघतंय असं वाटतं आणि मान वळते.

त्याच पायऱ्यांवर आपलं भांडण झालं. भांडण कसलं, तू बोललीस आणि मी दोन दिवस जेवताना तोंड फिरवून बसले.

तुझं दुकान सुरू झालं तेव्हा सगळं वहीत होतं. माधवनगरचं घर सोडून तू परत आलीस, रस्त्याकडची खोली थोरल्या दादांकडून मागून घेतलीस आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं काम मांडलंस. लोक म्हणाले, “नवरा सोडून आलेली, चार म्हयन्यात बंद पाडंल.” बंद पडलं नाही. पेन्शनवाल्या म्हाताऱ्या, शिष्यवृत्तीची पोरं, पीकविम्याचे शेतकरी, सगळे तुझ्याकडं. मी कोपऱ्यात स्टोव्हवर चहा करायची. कुणाशी बोलायची नाही, पण कानावर पडलेलं माझ्यातून जात नाही. आमच्या गुरुजींनी तिसापर्यंतचे पाढे म्हणवून घेतले होते, तशा मला लोकांच्या खात्यांच्या आकड्यांच्या ओळी पाठ झाल्या. वहीला वाळवी लागली आणि सकाळी कपाटातून नुसता भुसा निघाला, तेव्हा तू रडकुंडीला आलीस. मी चहाचं भांडं खाली ठेवलं आणि पहिल्या पानापासून म्हणायला लागले. तुझं तोंड उघडंच. “वैनी, तू माणूस हायस का मशीन?”

त्यानंतरचं ते वर्ष माझं होतं. तू काम करता करता न बघता विचारायचीस, “वैनी, सखूमावशीचा नंबर?” आणि मी स्टोव्हजवळून सांगायची. लोक माना वळवून माझ्याकडं बघायचे. मला लाज वाटायची. आणि बरंही वाटायचं. इतकं बरं मला कशानंच वाटलं नव्हतं, हे मी तुला कधी सांगितलं नाही.

मग तू सांगलीला पंधरा दिवसांच्या क्लासला गेलीस. शेवटच्या दिवशी भडंगाची पुडी घेऊन आलीस आणि चप्पल काढायच्या आधी म्हणालीस, “वैनी, तिजोरी घावली!” लॅपटॉपवर दाखवलंस. प्रत्येक माणसाचं एक पान. वर नाव, खाली पासवर्ड. आणि सगळ्यात खाली एक अधिकचं चिन्ह, ते दाबलं की नवा रकाना तयार होतो, त्यात आपल्याला पाहिजे ते लिहायचं. तू म्हणालीस, क्लासमध्ये बाकीचे ते रकाने मोकळेच सोडतात. तू मात्र त्यांच्यावरच जीव लावलास. खाते नंबर, वारसदार, ओटीपी कुणाच्या फोनवर येतो, कुठल्या बोटाचा ठसा उमटतो. म्हाताऱ्यांची बोटं झिजलेली, अंगठा लागत नाही, मग कुणाची करंगळी तर कुणाचं डावं मधलं बोट. हे सगळं मला पाठ होतं. मी सांगायची, तू घालायचीस.

औंधच्या पायऱ्यांवर मी तुला म्हणाले होते, “एवढं मशिनीत भरून माझा काय उपेग मग?” तू हसत होतीस. दम लागला होता तुला. म्हणालीस, “उद्या तू गेलीस तर माझं दुकान बंद पडंल की गं. तुझ्या डोक्यावर किती दिवस काढू?”

मी गेले तर. असं म्हणाली होतीस तू.

मला ते लागलं. मरणाचं नाव काढलंस म्हणून लागलं असं तुला वाटलं असेल. तसं नव्हतं. माझ्या डोक्यातून एकेक माणूस काढून तू मशिनीत ठेवत होतीस आणि मी रिकामी होत चालले होते, ते लागलं. त्यानंतर कुणी आलं की तू माझ्याकडं न बघता पडद्याकडं बघायला लागलीस. मी चहा करत राहिले.

आता तो दिवस. इथं मला एक नाव लिहावं लागणार आहे, नाहीतर काही कळणार नाही. तुझ्या दादाचं. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, नंतर माझ्या तोंडून गेलेलं नाही. दुकानात म्हाताऱ्या बायका फॉर्मवर मालकाचं नाव सांगायला अडायच्या तेव्हा तू म्हणायचीस, “उखाणा घे मावशे, मी बसलीया टायपाय!” आणि सगळं दुकान हसायचं. तुझ्या दादाचं नाव वसंत. लिहिलं बघ. हात थांबला होता मघाशी.

गावात अनुसया माने दोन. पेठेतल्या अनुसयाकाकू, त्यांचे मालक यशवंत, वारले, मुलगा मिलिटरीत. आणि मळ्यातली अनुसया, माझ्याच वयाची, तिचा नवरा वसंत. दोघींचे नंबर वाळवी लागलेल्या वहीतले, माझ्याकडून घेतलेले. शेवटी सतरा असलेला काकूंचा आणि शेवटी चाळीस असलेला मळ्यातलीचा. तू पानं भरत होतीस. त्या दिवशी थोरले दादा, माझे मोठे दीर, विम्याच्या कागदासाठी दुकानात बसले होते, आणखी दोन-तीन माणसं होती. मी चहा घेऊन आले. तू मान वर न करता म्हणालीस, “वैनी, सतरावाला नंबर वसंताच्या अनुसयेचा, व्हय ना?”

ते उलटं होतं.

मी तोंड उघडलं. तेवढ्यात थोरले दादा मिशीत हसले. “आता बोल की! मालकाचं नाव बरोबर हाय का तेवढं सांग.” माणसं हसली. मोठ्या दिरांसमोर मी वर मान करून कधी बोलले नव्हते, आणि त्यातून ते नाव. मी मान खाली घातली, कप ठेवले आणि आत गेले.

‘उलटं हाय’ एवढे दोनच शब्द होते. त्यात कुणाचं नाव घ्यायचं नव्हतं. हे मला नंतर सुचलं, आणि तेव्हापासून ते दोन शब्द माझ्या कानाशी बसले आहेत. भाकरी थापताना, अंघोळीचं पाणी काढताना. उलटं हाय. उलटं हाय.

तू म्हणशील, विसरली असशील, होतं असं. मंगल, मी विसरले नव्हते. माझ्यातून काही जात नाही, तुलाच माहीत आहे. दुसऱ्या दिवशी चुलीपुढं बसले होते तेव्हा आठवलं होतं. तू मोरीजवळ केस विंचरत होतीस, चार हातांवर. थोरले दादा घरात नव्हते, कुणीच नव्हतं. आणि मी बोलले नाही. मला वाटलं, चुकू दे. मशीन चुकली म्हणजे एखादा फॉर्म परत येईल, मग तू कपाळाला हात लावून म्हणशील, वैनी, तुलाच इचारायला पायजे हुतं. एवढंच वाटलं. पैशाचं मनात आलंच नाही.

पुढं काय झालं ते तुला माहीत आहे, पण क्रमानं लिहिते, नाहीतर मी मध्येच कुठंतरी सटकेन. काकूंच्या मुलानं लांबून फोन केला. आईचं पासबुक सापडत नाही, नंबर पाठवा, म्हणाला. तू पान उघडून पाठवलास. त्याला नाव अनुसया माने असंच दिसलं. तो दर महिन्याला पाच हजार पाठवत राहिला, आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी. काकू म्हणायच्या, साठू दे खात्यात, हात लावायचा नाही. सात महिने त्या बँकेत गेल्या नाहीत. आणि मळ्यातली अनुसया सगळ्यांना सांगत होती, “सरकारनं काढलंय कायतरी आमच्यासाठी. बायांचं ऐकाय लागलं बघा सरकार!” तिनं नातीची फी भरली आणि घरावर पत्रा घातला. कोण तिला नावं ठेवणार?

काकू नवं पासबुक काढून बँकेतून रिकाम्या आल्या. मुलाचा फोन आला तेव्हा तो एवढा ओरडत होता की स्टोव्हजवळ मला ऐकू येत होतं. “माझ्या आईचं पैसं कुणाच्या घशात घातलं?” तू पान उघडून बघितलंस. मग माझ्याकडं बघितलंस. एकदाच. आणि फोनमध्ये म्हणालीस, “चूक माझी हाय, भाऊ. नंबर माझ्याकडनं उलटं लिवलं गेलं. तुमच्या आईचा रुपाया बुडणार न्हाई.”

मी तिथंच होते. तेव्हाही बोलले नाही.

मळ्यातल्या अनुसयेकडून तू काही मागितलं नाहीस. “तिनं चोरी केली न्हाई, तिच्या ताटात आलं ते तिनं खाल्लं.” दुकानाच्या कमाईतून महिन्याला तीन हजार काकूंच्या खात्यात भरायला लागलीस. चप्पल तुटली तर खिळा मारून वापरलीस. पाच हप्ते दिलेस. काकूंचा एक डोळा झाला. दुसरा राहिला आणि तू गेलीस.

त्या बघण्याचा मी इतके महिने विचार केला. मला वाटायचं, तुला सगळं कळलंय आणि तू मला पाठीशी घालतेयस. तुझा रागसुद्धा यायचा मला. एवढं मोठं मन कशाला दाखवतीस, एकदा विचार की, असं वाटायचं. तापात तुझा हात धरून बसले होते तेव्हा सांगणार होते. तू म्हणालीस, “फोन लाव दादाला.” तुझा फोन तुझ्या अंगठ्यानं उघडायचा. मी तुझा अंगठा धरून त्यावर टेकवला. इतका गरम होता तो. फोन लगेच उघडला. आता तो फोन फडताळात आहे, अजून त्यावर लोकांचे ओटीपी येतात, थरथरतो, आणि पडद्यावर अंगठा लावा म्हणतो. कुणाचा लावू?

माणसं अजून तुला फोन करतात. “मंगलताई हायत का?”

दुकान उघडल्यावर मी पानं चाळायला लागले. तुझा आवाज सापडेल म्हणून. तू काहीतरी लिहून ठेवलं असशील, शिवी, चेष्टा, काहीही. आणि काय सापडलं सांगू? मीच सापडले. त्या जादा रकान्यांत तू माझं बोलणं घातलं होतंस, जसंच्या तसं. “वैनी म्हणते, हिचा धाकटा पितो, त्याच्यासमोर रक्कम सांगू नये.” “वैनी म्हणते, हा माणूस बहिरा आहे पण कबूल करत नाही, मोठ्यानं बोलावं.” “वैनी म्हणते, हिला आधी पाणी द्यावं, चालत येते.” पान उलटावं तर वैनी म्हणते, वैनी म्हणते. मला वाटत होतं तू मला रिकामी करतेयस. आणि मेलेल्या माणसाच्या मशिनीतून माझंच बोलणं माझ्याकडं बघत होतं. मी लॅपटॉप मिटला. त्या दिवशी परत उघडला नाही.

अनुसयाकाकूंचं पान उघडायला मला आठ दिवस लागले. गिरणीत ऐकलं म्हणून उघडलं. दळण घेऊन उभी होते, पुढं दोघी बोलत होत्या.

“म्हातारीचं पैसं खाल्लं आन् गेली की वर.”

“मेल्यावर कोण देतंय? बुडालं आता.”

माझ्याकडं त्यांची पाठ होती. मी माझा डबा उचलला आणि न दळता घरी आले.

काकूंच्या पानावर नंबर दुरुस्त केलेला होता. खाली तुझा रकाना. तुझी भाषा, लिहिताना तू शुद्धच लिहायचीस. “अनुसया दोन. वैनीला विचारले. थोरले दादा बसलेले, वैनी गप्प. मान खाली घातली, हो म्हणाली नाही. एकटी असताना परत विचारणे.” आणि त्याच्याखाली नंतर घातलेली ओळ. “परत विचारायचे राहिले. चूक माझी.”

मी ते किती वेळा वाचलं माहीत नाही. म्हणजे तू मला पाठीशी घालत नव्हतीस. तुला खरंच तुझी चूक वाटत होती. तू त्या दिवशी माझ्याकडं बघितलंस ते, आपण हिला विचारायला विसरलो, म्हणून. विचारायचं तुझं राहिलं, सांगायचं माझं राहिलं. पण तुझं विसरून राहिलं आणि माझं आठवत असून. खिळ्याच्या चपलेनं फिरून तू माझं फेडत होतीस आणि तुला ते ठाऊकच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी काकूंकडं गेले. तुझी हिरवी साडी नेसले होते, वाटणीत माझ्याकडं आलेली. त्या ओसरीवर हुलगे निवडत होत्या. एक डोळा बारीक करून माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, “मंगल आली व्हय?”

माझे पाय तिथंच थांबले. “न्हाई काकू. मी. तिची वैनी.”

“आगं बया! तुझा आवाज हाय असला व्हय? एवढी वर्सं चा पाजलास, आज पयल्यांदा आयकतीया.”

बसले. हुलग्यातला एक खडा उचलून हातात फिरवत राहिले. मग सांगितलं. पहिल्यापासून. सतरा कुणाचा, चाळीस कुणाचा. तुझ्या दादाचं नाव मी मोठ्यानं घेतलं, वसंत, काकूंच्या ओसरीवर, आणि काही झालं नाही, एक कोंबडी इकडून तिकडं गेली. “नंबर मंगलनं न्हाई चुकवलं, काकू. मला म्हाईत हुतं.”

काकूंचा हात सुपात थांबला. “म्हाईत असून गप बसलीस?”

“व्हय.”

“कशापायी?”

“ती मला इचारंना झाली हुती. तिनं परत इचारावं म्हणून.”

त्यांनी सुपातला एक खडा वेचून अंगणात टाकला. मग म्हणाल्या, “आन् त्यात माझा डोळा कशाला घातलास, बाई?”

मी उठून जायला निघाले तर त्यांनी पदर धरला. “बस. नवऱ्याचं नाव घ्याला लाजलीस म्हन. मी बी जल्मात घेतलं न्हाई. तरी गेलाच की त्यो.” आणि हसल्या, पण ते हसू माझ्यासाठी नव्हतं. मग म्हणाल्या, “पैसं आन. आन् हे मला एकलीला सांगून भागायचं न्हाई. जिथं त्या पोरीला बोलत्यात, तिथं जाऊन सांग.”

मला वाटलं होतं पैशाचं अवघड जाईल. ते गेलं नाही. बचत गटातले माझे नऊ हजार मी काढले. मळ्यातली अनुसया आपणहून आली, शेळी विकून सहा हजार घेऊन. “मेलेल्या बाईच्या अंगावर माझं खाल्लेलं नगं,” म्हणाली आणि पाणीसुद्धा न पिता गेली. राहिले पाच, ते दुकानातून फेडायचे ठरवले. फॉर्मचे वीस-वीस रुपये मी आता घेते, तुझ्यासारखे भरभर होत नाहीत, पण होतात. थोरल्या दादांनी विचारलं, “तुला जमतंय का गं?” मी म्हणाले, “जमतंय, भावजी.” ते थोडा वेळ माझ्याकडं बघतच राहिले.

अवघड गेली ती गिरणी. तीन दिवस मी डबा घेऊन गेले आणि दळून परत आले. चौथ्या दिवशी त्या दोघी होत्या, आणखी चार-पाच जणी होत्या. मी म्हणाले, “मंगलनं कुणाचं पैसं खाल्लं न्हाईत.” चक्कीच्या आवाजात माझं मलाच ऐकू आलं नाही. परत म्हणाले. तेव्हा गिरणीवाल्यानं काय केलं, तर बटण दाबून चक्की बंद केली. “काय म्हणताय, वैनी?” सगळं गप्प झालं. पट्टा हळूहळू फिरायचा थांबला. सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या, पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया घेऊन.

आणि मला ते त्या शांततेत म्हणावं लागलं. चूक माझी होती, मला माहीत होतं, मी बोलले नाही, मंगल माझं फेडत होती. डब्याच्या कडीला धरून उभी होते. एक जण म्हणाली, “आता सांगतीस व्हय?” मी म्हणाले, “व्हय, आता.” गिरणीवाल्यानं चक्की सुरू केली आणि माझा डबा रांगेत पुढं घेतला. तो का घेतला मला कळलं नाही.

घरी येऊन तुझ्या दादालाही सांगितलं. ते ओसरीवर बसून राहिले. जेवले नाहीत. सकाळी म्हणाले, “मंगीला म्हाईत असतं तर ती हसली असती.” मला नाही वाटत. तू दोन दिवस माझ्याशी बोलली नसतीस. ते दोन दिवस मला पाहिजे होते, मंगल. तुझा अबोला, तुझं ताट आपटणं, आणि तिसऱ्या दिवशी काहीतरी तिरकं बोलून तुझं चहा मागणं. तुझ्याकडून शिक्षा घ्यायची माझी राहून गेली. काकूंनी दिली ती त्यांची होती.

तू दुकान माझ्यावर सोडून जायची तयारी करत होतीस का माझ्याशिवाय चालवायची, हे मी अजून ठरवू शकत नाही. रकान्यांत बघते तर माझ्याशिवाय एक पान नाही. मशिनीसमोर बसते तेव्हा तूच कोपऱ्यात चहा ठेवतेयस असं वाटतं. कुणी म्हातारी आली की तोंडातून जातं, मंगल, हिचा नंबर? आणि मग मीच सांगते.

सोमवारी शेवटचे पाच हजार पाठवले. काकूंना शेजारी बसवून घेतलं. एकेक आकडा मोठ्यानं म्हणत गेले, त्या नव्या पासबुकावरच्या छापलेल्या आकड्यांवर बोट ठेवत गेल्या, त्यांना वाचता येत नाही तरी. शेवटचे दोन म्हटले, एक, सात. दुकानात तीन माणसं बसली होती. थोरले दादाही होते.

काल त्या बँकेतून पासबुक भरून घेऊन थेट दुकानात आल्या. माझ्यापुढं धरलं. “वाच.”

मी वाचलं. तुझे पाच हप्ते, मग शेळीचे, गटाचे, दुकानाचे.

“समदं आलं?”

“समदं आलं, काकू.”

“लेकाला मी सांगती फोनवर. दुसऱ्या डोळ्याची तारीख बी घेती.” त्यांनी पासबुक पदरात गुंडाळलं, दारापर्यंत गेल्या आणि वळून म्हणाल्या, “आन् तिला कळीव. वाट बघत बसली आसंल.”

म्हणून लिहिलं. पस्तीस हजार, मंगल. पूर्ण फिटले.